शिंगमोडीचं कोणतं शिंग मोडलं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या बालमासिकाचे मालक, प्रकाशक, संपादक अशा तिघांनाही एकाच खुर्चीत बसवणारे आदरणीय भाऊसाहेब. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आणि त्यामुळे आज तरी पुढची तारीख न देणारे आमचे वकीलसाहेब. आपण ज्यांना निरोप देतो आहोत असं आपल्याला वाटतं, पण ज्यांनी मनातून आपल्याला कधीच निरोप दिलाय, त्या आमच्या चित्रकार ताई. पहिल्या रांगेत बसलेली ताईंची लेक आणि बसवून ठेवलेली ताईंची नात. मासिकाचे सहकारी, जुने वाचक, आणि चहा आधी की भाषणं आधी या चिंतेत मागच्या दाराशी उभे असलेले बंधू आणि भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. 'गोड बोला' अशी सूचनाही दिली आहे. दोन्ही पाळणं जमेल की नाही, सांगता येत नाही. प्रयत्न करतो.

ताईंना सगळे ताई म्हणतात. भाऊसाहेबसुद्धा म्हणतात, जे ताईंपेक्षा वयानं चांगलेच मोठे आहेत. आमच्या मासिकात शिंगमोडी नावाची शेळी आहे, हे इथं सांगायची गरज नाही. पण चुकून कुणी शेजारच्या दालनातल्या लग्नाच्या बैठकीला म्हणून आलं असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. गळ्यात पिशवी, चेहऱ्यावर सगळ्या जगाला हिशेब विचारल्याचा भाव आणि एक शिंग अर्धं. तिच्या गोष्टी मी लिहितो, चित्रं ताई काढतात. मुलं चित्रं बघतात. गोष्ट वाचणारं मूल मला अजून भेटायचं आहे.

ते शिंग कसं मोडलं, हे पुष्कळांना माहीत नाही. पहिलं चित्र छापखान्यात जायचं होतं. ताई टेबलाशी, मांडीवर लेक. लेकीनं हात मारला आणि शाईचा ओघळ थेट शिंगावर. चित्र पुन्हा काढायला वेळ नव्हता. ताईंनी ब्लेडनं डाग खरवडला, डागाबरोबर अर्धं शिंगही गेलं. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येतं, ते. भाऊसाहेब डोकावले. म्हणाले, "ताई, अहो, हिला काय झालं?"

ताई म्हणाल्या, "धडपडली असेल कुठेतरी. वाढत्या वयाची आहे."

झालं. त्या दिवसापासून दर महिन्याला मुलांची पत्रं. कुणी लिहिलं, ती आगगाडीला धडकली. कुणी लिहिलं, तिनं ते गरीब शेळीला दान केलं. एका मुलीनं कळवलं की शिंग मोडलेलं नाही, ते लाजतंय. ताईंनी कुणालाच खरं सांगितलं नाही. खरं कारण आज पहिल्या रांगेत बसलंय आणि आता माझ्याकडे रागानं बघतंय.

आता आमच्या मासिकाच्या एका पद्धतीविषयी. आमच्याकडे चित्रावर सही करायची नाही. का? तर आम्ही एक कुटुंब आहोत. भाऊसाहेबांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम आहे हा. घरात भाजी केली की पातेल्यावर कुणी सही करतं का, असं ते विचारायचे. प्रश्न बिनतोड वाटायचा. पातेल्यावर नसली तरी घराच्या कागदांवर सही कुणाची आहे, असं त्यांना उलट कुणी विचारलं नाही. माझ्या गोष्टींवरही नाव नसतं. पण माझ्या गोष्टी कुणी चोरत नाही, त्यामुळे मला तक्रारीला तोंड नाही.

शेळी मात्र चोरीला गेली.

ती सापडली ताईंच्याच घरात. नातीला शाळेसाठी पाण्याची बाटली आणली, ऑनलाइन मागवलेली. खोकं उघडलं तर बाटलीवर शिंगमोडी. ताईंना आधी आनंदच झाला हो. मग त्यांनी नीट बघितलं. चित्र आरशातल्यासारखं उलटं केलेलं. पिशवी भलत्या बाजूला, मोडकं शिंग डावीकडे. आणि खाली, शेळीच्या खुरांशी, कुणा एका गृहस्थाची सही. झोकदार, शेपटीवाली. शोधलं तर बाटल्या, दप्तरं, उशा, भिंतीवर चिकटवायचे कागद, सगळीकडे तीच उलटी शेळी आणि तीच सही. चित्र उलटं केलं की चोरी ओळखणाऱ्या यंत्रांना ते सहज सापडत नाही म्हणे. यंत्रांचं सोडा, माणसांनाही सापडलं नाही.

ताईंनी त्या दुकानवाल्या संकेतस्थळाकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं. उत्तर कसलं, समजच दिली. आमच्या नोंदीनुसार हे चित्र आमच्या एका सदस्याचे असून आपण आपल्या पानावर त्याची उलटी नक्कल प्रसिद्ध केलेली दिसते. आणि त्याच संकेतस्थळावरचं ताईंचं स्वतःचं पान बंद! वर्षानुवर्षं काढलेली चित्रं त्या पानावर होती. म्हणजे बघा, जिनं शेळी जन्माला घातली ती चोर, आणि ज्यानं तिला उलटं टांगलं तो बाप.

मग आमच्याकडे बैठक झाली. आमच्याकडे काहीही झालं की बैठक होते. ताई एवढंच म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्यांना एक ओळ लिहून द्या. ही शेळी माझ्या हातची आहे, एवढंच."

भाऊसाहेब म्हणाले, "ताई, अहो, शेळी आपल्या सगळ्यांची आहे."

"मग आपण सगळे लिहून देऊ."

"तसं नव्हे. आज शेळी, उद्या मुखपृष्ठ. परवा तो कोडी जुळवणारा म्हणेल, कोडी माझी आहेत."

"त्याचीच आहेत."

"अहो, तेच तर म्हणतोय मी!"

भाऊसाहेब, तुम्ही हसताय, बरं वाटलं. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नव्हतं.

वकीलसाहेबांनी मत दिलं. तत्त्वतः बाजू बळकट, व्यवहारात जरा अडचण. जुन्या अंकांत शेळी आहे, पण शेळीवर सही नाही. त्या गृहस्थाच्या शेळीवर आहे. मी म्हटलं, "साहेब, पण त्याची शेळी उलटी आहे." वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "उलटी कोण आणि सुलटी कोण, हे शेळीला विचारून ठरत नाही हो." मासिकानं लिहून दिलं तर प्रश्न सुटेल, असंही ते शेवटी म्हणाले. पण तोवर बिस्किटं आली होती.

उपाय काढला आमच्या वायरमननं. म्हणजे तो वायरमन नाही, मासिकाचा संगणक आणि संकेतस्थळ तो बघतो. पण कायम टेबलाखाली असतो म्हणून वायरमन. तो म्हणाला, "शिक्का मारू. प्रत्येक चित्रावर मासिकाचा शिक्का. मग बघू कोण चोरतंय." सगळ्यांना पटलं, कारण त्यात कुणाला काही लिहून द्यावं लागत नव्हतं. शिक्का आधी खुरांपाशी मारला. चोरानं खूर कापले. मग पोटावर मारला. त्यानं पोटावर फुलं चिकटवली. मग आम्ही चिडलो आणि थेट तोंडावर मारला. आता आमच्या संकेतस्थळावर शिंगमोडी बघायला गेलात तर मासिकाचं नाव दिसतं आणि नावाच्या मागून डोकावणारे दोन कान. एका आईनं कळवलं, आमच्या धाकटीला तुमचा ससा फार आवडतो.

आणि त्या शिक्क्यात नाव कुणाचं? मासिकाचं. ताईंचं तिथंही नाही. चोरानं शेळीवर आपली सही केली, हे वाईटच केलं. पण त्याला ती जागा रिकामी कुणी ठेवून दिली होती? जाऊ द्या. गोड बोलायचं ठरलंय.

पुढचं मला ताईंनीच सांगितलं, हसत हसत. हसू त्यांच्या ओठांवरच होतं, डोळ्यांपर्यंत काही पोचलं नव्हतं. सुट्टीची दुपार होती. नात म्हणाली, "आजी, शेळी काढ." आजीनं काढली. नातीनं कागद बघितला, बाटली आणली, शेजारी ठेवली आणि म्हणाली, "चुकलीस तू. हे शिंग नाही, ते."

"अगं राणी, ही माझीच शेळी आहे. मीच काढते ती."

"पण बाटलीवर असं नाहीये ना!"

मुली, तुझं काही चुकलेलं नाही हं. घाबरू नकोस. तू जे दिसलं ते सांगितलंस. तुझ्या वर्गात सगळ्यांकडे तीच बाटली आहे. एवढ्या ठिकाणी एखादी गोष्ट उलटी दिसली की सुलटी काढणाराच वेडा ठरतो. हे तुला आत्ताच कळू नये असं वाटतं, पण तू बहुतेक ओळखलं आहेस.

त्यानंतरच्या अंकाचं चित्र आलं. शिंगमोडीनं टोपी घातली होती. कानांपर्यंत ओढलेली, लोकरीची. दोन्ही शिंगं आत. मी विचारलं, "ताई, टोपी कशाला?"

"थंडी आहे," त्या म्हणाल्या. वर पंखा गरगरत होता.

मी थंडीची गोष्ट लिहून दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा टोपी. त्याच्या पुढच्या महिन्यात छत्री. मग एकदा चहाच्या वेळी कप तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "पेन शिंगापाशी नेते आणि हात थांबतो. कुठलं मोडायचं, क्षणभर मलाच कळत नाही." आणि मग त्यांनी भाऊसाहेबांकडे राजीनामा दिला. कारणाच्या जागी लिहिलं, वय. भाऊसाहेबांनी ते खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं. माणसाचा हात थांबला तर त्याला वय म्हणतात का? तसं असेल तर आमच्या कार्यालयातले कित्येक हात जन्मतःच निवृत्त आहेत.

आता एक विनंती. सगळ्यांनी जरा वर बघा. ताई, तुम्हीही मागे वळून बघा. तुम्ही आत आल्याबरोबर बघितलंय, मला ठाऊक आहे. तुम्ही तिकडे पाठ करून बसलात ती उगीच नाही. व्यासपीठामागचा हा कापडी फलक. वर मोठ्या अक्षरांत, 'लाडक्या ताईंना प्रेमपूर्वक निरोप'. खाली शिंगमोडी, भिंतभर. छान, स्वच्छ, रंग कसे टवटवीत. आणि मोडकं शिंग? डावीकडे.

कुजबुज करू नका, मोठ्यानं बोला. हो, डावीकडे. पिशवीही भलत्या बाजूला. हे चोराच्या दुकानातून घेतलेलं चित्र आहे. सही तेवढी कापली आहे. कापण्यात आता आपलाही हात बसलाय. मी सकाळीच वायरमनला विचारलं, "अरे, हे कुठून आणलंस?" बिचारा टेबलाखालून बाहेर आला. म्हणाला, "दादा, काय करू? आपल्या चित्रांवर तोंडभर शिक्का आहे ना! शिक्क्याशिवाय, मोठं आणि स्पष्ट असं एवढंच मिळालं."

त्याला हसू नका. आपण आपल्या शेळीचं इतकं कडेकोट रक्षण केलं की ताईंच्या निरोपालासुद्धा तिला चोराकडून आणावं लागलं. आणि इथल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. फलक टांगताना नाही, फुलं लावताना नाही, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतानाही नाही.

भाऊसाहेब, तुम्ही घड्याळाकडे बघताय. संपवतोच. ताईंना भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचं ठरलंय. जरूर द्या, सुंदर आहे. पण त्याआधी दोन गोष्टी करा. ती एक ओळ लिहून द्या. कागद वकीलसाहेबांच्या बॅगेत असतोच आणि आज ते पाहुणे आहेत, नाही म्हणणार नाहीत. ताईंचं पान त्याशिवाय उघडणार नाही, आणि त्या बाटल्या त्याशिवाय थांबणार नाहीत. लिहून दिल्यानं थांबतीलच, असंही मी छातीठोक सांगत नाही. तो गृहस्थ उद्या शेळीला शेपटीवर उभी करेल. पण निदान ती कुणाची होती, हे सांगायला आपल्याकडे आपलं तोंड असेल.

आणि दुसरी गोष्ट अगदी सोपी. काटकसर म्हणून तुम्ही फलकाचं कापड पातळ घेतलंत, ते फार बरं केलंत. रंग आरपार उतरलाय. मी मागे जाऊन बघून आलो. वायरमन, ये रे. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सोड आणि कापड फिरवून लाव. पाठ पुढे.

लागलं? आता बघा. शिंग आलं की नाही जागेवर? उजवीकडे. पिशवीही आली. आता अक्षरं उलटी झाली आहेत, 'निरोप' कुणाला वाचता येत नाही. माझी काही तक्रार नाही.

ताई, हे जाड पेन. खुरांपाशी जागा आहे. इतकी वर्षं आपल्या नियमानं ती मोकळी ठेवली होती. भाऊसाहेब काही बोलत नाहीत, म्हणजे हरकत नाही असं मी धरून चालतो. तुम्ही उठाल की नाही, मला माहीत नाही. तुमचा हात थांबेल की चालेल, तेही माहीत नाही. आग्रह करत नाही. पण तुम्ही उठलात तर या अख्ख्या कापडावर सरळ वाचता येईल अशी एकच गोष्ट असेल, तुमची सही. आणि पहिल्या रांगेत बाटली घेऊन बसलेलं कुणीतरी ते बघत असेल.

आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. गोड बोलण्यात कमी पडलो, वेळ जास्त खाल्ला, कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर तो दोष माझा. मोठ्या मनानं पोटात घाला. चहा थोडा थांबू द्या. पेन इथं टेबलावर, टोपण काढून ठेवतो आणि खाली बसतो.