हे राहणार कुठं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मोल्डिंग कारखान्याचे मालक आदरणीय गोरक्षनाथशेठ, आज निवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती प्रभुदास साळवे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. दयावहिनी, घोडेगावहून मुद्दाम आलेले आमचे जुने गिऱ्हाईक कल्याणराव, आणि मसालेभाताचा वास येत असूनही जागा न सोडलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी अजिनाथ, साचे बनवणाऱ्या विभागाचा प्रमुख. कोणती वस्तू कोणत्या प्लास्टिकची करायची हे ठरवणारी साळवे साहेबांची खुर्चीही उद्यापासून मलाच सांभाळायची आहे. अशा प्रसंगी जाणाऱ्याचं कौतुक करायचं असतं, आणि ते मी करणारच आहे. पण आधी सांगून टाकतो, मला या माणसाचा हेवा वाटतो. हसू नका. अगदी मनापासून वाटतो.

का वाटू नये? डोळ्यात तेल घालून पोलाद कोरायचं आम्ही, आणि गिऱ्हाईक आत आलं की विचारणार, "साळवे सायेब हायेत का?" इतक्या वर्षांत एकाही माणसाने साच्याकडे पाहून "वा!" म्हटलेलं नाही. घरीसुद्धा तेच. परवा मी बादली आणली, तर आमच्या सौ. राजेश्वरी म्हणाल्या, "साळवे भाऊजींना विचारलं का? उन्हात तडकायची नाही ना?" बादली आणायलाही मला यांची परवानगी!

कल्याणरावांना आठवत असेल, गुरांच्या हौदातला, हौद भरला की पाणी आपोआप बंद करणाऱ्या बॉलकॉकचा दांडा. नायलॉन दणकट, म्हणून तो नायलॉनचा करायचं सगळ्यांनीच ठरवलं. साहेब नाताळच्या सुट्टीवर होते. मी साचा कोरला. असा साचा, की मीच त्याच्याकडे बघत बसलो. साहेब आले, नमुन्याचा दांडा हातात घेतला आणि त्यांचा तो नेहमीचा प्रश्न, "हे राहणार कुठं?" मुलगी देताना बाप घर बघतो, तसा हा माणूस प्रत्येक वस्तूचं सासर विचारतो. "पाण्यात," मी म्हणालो. "मग नायलॉन नको. ते पाणी पितं, फुगतं. दांडा भोकात अडकेल आणि हौद वाहत राहील. अ‍ॅसिटल घ्या, ते प्लास्टिक पाण्यात फुगत नाही."

बोलायला सोपं हो! पण प्लास्टिक थंड होताना आकसतं, आणि अ‍ॅसिटल नायलॉनपेक्षा जास्त आकसतं. म्हणजे माझा साचा गेला. तो मी पुन्हा कोरला. दांडे घोडेगावात पोचले, एकही अडकला नाही, आणि हार कुणाच्या गळ्यात पडला? बैलाला घालावा एवढा मोठा हार कल्याणरावांनी आणला होता. दयावहिनींकडे त्याचा फोटो असेल. त्या फोटोत मीही आहे. अर्धा.

असो. आज सकाळची गोष्ट सांगतो आणि बसतो. कल्याणराव दुधाच्या किटलीच्या नव्या झाकणाचा नमुना घेऊन आले. मी म्हणालो, "द्या, आता मीच बघणार." त्यांनी नमुना मागं घेतला. मला म्हणतात, "तसं न्हाई, पन सायेबांच्या घरचा पत्ता मिळंल का?" वरवर मी हसलो, पण छातीत आग झाली. हा माणूस निवृत्त झाला तरी गिऱ्हाईक त्याच्याच दारात जाणार असेल, तर मी त्या खुर्चीत बसून काय करू?

त्या रागातच मी नमुना ओढून घेतला आणि ताडकन विचारलं, "हे राहणार कुठं?"

कल्याणराव लगेच म्हणाले, "मोटारसायकलला लटकून, दिवसभर उन्हात. अन् घरी गेलं की उकळत्या पान्यात." नमुना त्यांनी माझ्याकडेच राहू दिला. जाताना हसून म्हणाले, "मंग सायेब गेलेच न्हाईत म्हना की!"

साळवे साहेब, हेही तुम्हीच घेतलंत. खुर्ची मिळाली, गिऱ्हाईक मिळालं, आणि तोंड उघडलं तर त्यातून तुम्ही बोललात. आज तुमचा जेवढा हेवा वाटतोय, तेवढा कधीच वाटला नव्हता.

वहिनी, आता हे दिवसभर घरी असतील. तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची मला काळजी वाटते. शेठजींनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुठे तोल गेला असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला.

आणि साहेब, ते झाकण मी पॉलिप्रॉपिलीनचं ठरवलंय, ऊन सोसायचं औषध त्यात घालून. साचा अजून कोरायला घेतलेला नाही. जेवताना माझ्या शेजारी बसा आणि एवढं सांगा, बरोबर आहे ना?