आतली साखर, बाहेरची साखर

...नाही, तुम्हीच सांगा, एकीकडे म्हणायचं साखर आहे म्हणून तुम्ही जिवंत आहात, आणि दुसरीकडे म्हणायचं साखर खाल्लीत तर खैर नाही, मग माणसानं करायचं काय? थांबा, सांगतो. मी प्लंबर. उभा जन्म लोकांच्या बेसिनखाली पाठीवर झोपून गेला, कुठला पाईप कुठं तुंबलाय ते नुसत्या आवाजावरून सांगतो, आणि तुंबला कुणाचा? माझाच! मानेतला, डोक्याकडे रक्त नेणारा! त्या दिवशी चहा पिताना हातातला कप निसटला, बायको म्हणाली, काय झालं हो, आणि मला म्हणायचं होतं 'काही नाही', तर तोंडातून नुसतं गुरगुरणं. मी! ज्याच्या बडबडीला कंटाळून गिऱ्हाईक दुसऱ्या खोलीत जाऊन बसतं, तो मी! घाबरलो हो. शब्द सगळे आत ओळीनं उभे, आणि एकही बाहेर यायला तयार नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत वाचा परत आली, पण डॉक्टरबाई काय सोडतात? म्हणाल्या, "हे बघा काका, रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून साखरेच्या बारीक तंतूंची लव असते. रक्तात काही प्रथिनं फिरतात, गुठळी होऊ न देणं हे त्यांचं काम. पण एकटी असली की ती फार मंद. या लवेवर येऊन टेकली की चपळ होतात." म्हटलं, आमचा मेहुणाही तसाच, टेकायला जागा मिळाल्याशिवाय कामाचं नाव नाही. हसल्या नाहीत. आता लव म्हटल्यावर माझ्यातला प्लंबर जागा झाला. आमच्यात पाईपला आतून थर धरला की तार घालायची आणि खरवडून काढायचा. म्हटलं, मग बाई, खरवडून टाका की एकदाची!

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, ती खरवडली गेलीय म्हणूनच तुम्ही इथं आहात. रक्तात साखर फार वाढली की ही लव झिजते."

म्हणजे साखरेनंच साखर खाल्ली! आता फिर्याद करायची कुणाविरुद्ध? माणसानं करायचं काय?

घरी आलो तर मेहुणा हजर. "दाजी, सोपं आहे. लव साखरेची ना? झिजली ना? मग वरून साखर घाला, भरून निघेल." मला तर लगेच पटलं, शाळेत विज्ञान इतकं कधी पटलं नव्हतं. डबा काढला, तर रिकामा! बायकोनं साखर शेजारणीकडे ठेवायला दिलेली. वर मलाच ऐकवते, ती लवेतली साखर शरीर आपली आपण विणतं, खाल्लेली तिथं जात नाही, मी बाईंना विचारून आलेय. घ्या!

पण खरं दुखणं साखरेचं नाहीच. इतकी वर्षं बायको मला म्हणायची, जरा गप्प बसाल का? आता मी जरा गप्प बसलो की ओल्या हातानं धावत येते. "बोला." काय बोलू? "काहीही. वार म्हणा." परवा गिऱ्हाइकाच्या बेसिनखाली, दातांत वायसर, दोन्ही हात पाईपला, फोन वाजला. उचलला नाही तर ती तिथं येऊन थडकेल, म्हणून वायसर थुंकून सोमवार, मंगळवार म्हटलं. गिऱ्हाईक मागे सरकलं. माणसानं करायचं काय?

एकदा चिडलो आणि मुद्दाम तोंड मिटून बसलो. तिनं वार विचारले नाहीत. माझं मनगट धरून खाली जमिनीवरच बसली. म्हणाली, "तुमची बडबड मला आवडते असं नाही. पण त्या दिवशी ती थांबली ना..." आणि पुढचं तिलाच बोलता येईना. माझी वाचा गेली होती तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

तेव्हापासून बोलतोय. गोळी घेतो, बिनसाखरेचा चहा पितो आणि बोलतो. तुम्हाला वाटत असेल, काय हौस आहे या माणसाला! हौस कसली... ती बघा, तुमच्या मागे, शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत, भिंतीला डोकं टेकून. झोपलीय. माझा आवाज चालू असतो तोवर झोपते, थांबला की दचकून उठते. तेव्हा तुम्हाला जायचं तर जा, फक्त दार आपटू नका... मी आहे इथंच, बोलत.