काकूंनी उन्हात ठेवलेला सेल

अरे, कोपरीच्या ओमक्याची काय वाट लागलेली माहितीये? गेम अडकतो म्हणून याने बाबांच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे त्याचा स्पीड वाढवला. मी बोललेलो, स्पीड थोडा थोडा वाढव. भाईने एकदम फुल्ल केला. स्क्रीन काळी! बाबा ऑफिसातून निघालेले, ओमक्या रडायला आलेला.

आतला चपटा सेल काढला की सेटिंग पहिल्यासारखी होते, म्हणून मी वायर काढून सेल काढला. तेवढ्यात काकू, म्हणजे ओमक्याची आई, आल्या.

“सेल संपला काय रे?”

“हो ना काकू!”

काकूंनी तो रिमोटच्या सेलसारखा खिडकीत उन्हात ठेवला. थोड्या वेळाने मी तो परत बसवला, कॉम्प्युटर चालू!

काकू बोलल्या, “बघितलंस? ओमक्या, तू पण बस जरा उन्हात. दहावी तरी निघेल.”