शेरू जेवला तेव्हा

आमच्या आईचा मराठीचा हट्ट काय सांगू तुम्हाला. लग्न होऊन धुळ्याहून सुरतेला आली, पण अजून आमच्या कोसाड भागातल्या गुजराती भाजीवाल्याशीसुद्धा मराठीतच घासाघीस करते. तर तिला घेऊन मी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये गेलो. मला पिल्लू हवं होतं. आई मात्र म्हाताऱ्या शेरूपाशीच थांबली. त्याला सांभाळणाऱ्या गुजराती आजी वारल्या होत्या.

आई म्हणाली, "पिल्लू काय, कोणीही नेईल. याला कोण नेणार? हाच घे."

घरी आणला, पण शेरू काही खाईना. दूधभात, पोळी, सगळं तसंच पडून. दुसऱ्या दिवशीही तेच. मी घाबरलो.

"आई, परत नेऊन सोडू या का? असा तर मरेल गं हा."

आई ताटली घेऊन आली. त्याच्याजवळ फरशीवर बसली आणि हळूच म्हणाली, "ले दीकरा, जमी ले." म्हणजे, घे बाळा, जेवून घे.

शेरूने कान टवकारले. तिच्याकडे बघितलं आणि उठून सगळी ताटली चाटूनपुसून साफ केली. मग तिच्या पायावर डोकं टेकून पडला.

मी बघतच राहिलो. "आई, तुला गुजराती कधीपासून येतं?"

"हळू बोल," आई म्हणाली, "त्याला झोप लागतेय."