आईची किल्ली

“‘मुलानं मागितल्याशिवाय मदत करायची नाही,’ असं संस्थेतल्या ताई तुला म्हणाल्या होत्या, आई.”

समोरच्या घरात ऑटिझम असलेला तरुण नुकताच एकटा राहायला आला होता. माझं रोजचं सकाळचं मौनव्रत अजून सुटायचं होतं. माझ्या दारात उभी राहून नुसतं ऐकत होते.

“अरे, भांडीच तर घासली!”

“ती माझी होती. मी आंघोळीला गेलो आणि तू किल्लीनं दार उघडलंस.”

“चुकलंच. पण कुठं पडलास, भाजलास तर?”

“समोरच्या काकूंना हाक मारीन. सराव केलाय.”

“आणि इकडे माझा जीव टांगणीला लागला तर?”

“मग बेल वाजव. चहा मी करीन. साखर तू घाल. ही मदत मी मागतोय.”

“घे बाबा तुझी किल्ली. यापुढे बेलच वाजवीन, वचन.”

ती बाहेर आली. दार ओढून घेतलं, डोळे पुसले आणि बेल वाजवली.