इंग्रजी पुस्तकातली बाई आणि आमची पालखी

मी मूळची नाटे गावची. बापाची होडी व्हती, पण आये लवकर गेली नि मामानं मला ह्या गावात आणलंन, मशीनवर बसवलंन, मरताना घर पण माज्या नावावर केलंन. तेव्हापासून ब्लाऊज शिवतेय. काय सांगू तुमाला, हे मशीन, हे अंगण नि माजी लेक पूर्वा, एवढाच माजा संसार, आणि चांगला चाललाय.

आता पूर्वाचं. माजं लगीन झालेलं नाय. पोट दिसायला लागलं तशी गावकीनं देवळापुढं बोलावलंनी, बापाचं नाव सांग म्हणाले, मी नाय सांगितलं, आजपर्यंत नाय सांगितलं, तुमी पण विचारू नका. झालं, वाळीत टाकलंनी. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते, अंगणात नाचते, बायका देवीची ओटी भरतात, ती माज्या दारावरून सरळ पुढं जायला लागली. आणि गंमत बघा, रस्त्यात तोंड फिरवणाऱ्या त्याच बायका मागच्या दारानं ब्लाऊज घेऊन यायच्या. गळा जरा मोठा ठेव हां, नि मी आल्याचं बोलू नको कुणाला. मी म्हणायचे, अगो, गळा बघूनच कळेल सगळ्यांना कुणी शिवला तो. हसत हसत जायच्या.

पूर्वा आता रत्नागिरीला कॉलेजात जाते, इंग्रजी घेऊन बीए करते, एसटीनं जाऊन येऊन. यंदा ती एक पुस्तक माज्यापासून लपवायला लागली, मी आले की उशीखाली. मला वाटलं कुणाची चिठ्ठीबिठ्ठी असेल. खोदून विचारलं तेव्हा बोलली, आये, अभ्यासाचंच हाय, पण तुला वाईट वाटेल. बघू तरी म्हटलं. मग रोज संध्याकाळी मी हुक लावायची नि ती मराठीत सांगायची. जुन्या काळचा परदेशातला गाव, देवाधर्माला भारी कडक माणसं, एका बाईला नवऱ्याबिगर पोर झाली म्हणून तिला भर बाजारात ओट्यावर उभी केलंनी नि पापाची खूण म्हणून छातीवर कापडाचं अक्षर लावायला लावलंनी. नाव तिनं पण नाय सांगितलंन. आणि शिवणकाम करायची, बोला आता! मी म्हटलं, मग उपाशी नाय राहायची ती. तो पोरीचा बाप तिथंच गावात, मोठा देवमाणूस म्हणून मिरवतो नि एकटा असला की छाती धरून रडतो, त्याची मला अशी चीड आली, एवढं दुखतंय तर बोल की मेल्या!

यंदा शिमग्याच्या आधी गावकीचे मानकरी घरी आले. वाळीत टाकायचं नाय असा कायदा झालाय, त्याची धास्ती असेल. म्हणाले, बाय, नाव नको आता, नुसता देवीपुढं नारळ ठेव, माजं चुकलं म्हण, पालखी दारात आणतो. खरं सांगते, देवी माज्या अंगणात नाचताना मला बघायची व्हती हो. पूर्वा तर मागंच लागली. आये, बोलून टाक ना, दोन शब्द तर हायत, लहानपणी मी खिडकीतून पालखी जाताना बघायची, तुला ठाऊक नाय मला काय वाटायचं.

ठाऊक कसं नाय!

त्या संध्याकाळी ती परत ते ओट्यावरचं वाचत व्हती. मी विचारलं, आणि तेव्हा ती पोर कुठं व्हती गो? तिच्या कडेवर, बोलली. मी हातातलं काम खाली ठेवलं. म्हटलं, मग मी काय सांगतेय ते ऐक. मी माजं चुकलं म्हटलं, तर ती चूक म्हंजे तू. ते माज्या तोंडातून यायचं नाय, देवी येवो न येवो. पोरीनं पुस्तक मिटलंन नि माज्या मांडीत डोकं घातलंन. सकाळी स्वतःच मानकऱ्यांकडे गेली नि सांगून आली, आमी काय चुकलेलो नाय, आणायची तर अशीच आणा.

नाय आणलंनी. तरी मी वेडी खण, तांदूळ, नारळ ताटात घेऊन दारात उभी. पालखी कोपऱ्यावरून वळली, ढोल लांब गेला. पूर्वा बोलली, आये, चल आत. मी म्हटलं, थांब, ओढणी पसर. कुवारणीची ओटी भरायची रीत हाय का नाय, मला ठाऊक नाय, विचारणार पण कुणाला. तिनं पसरलंन. मी तिची ओटी भरली, कुंकू लावलं, आणि म्हटलं, बाय माजी, सुखी ऱ्हा.