दानशेनचा काढा

अमेरिकेतल्या बॉथेलच्या हॉस्पिटलात शुभा नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी बाहेर थांबली होती. मागच्या खुर्च्यांवर बाप-लेक मराठीत बोलत होते.

"बाबा, नर्सनं औषधं विचारली, तेव्हा दानशेन का नाही सांगितलंत?"

"ते औषध थोडंच आहे? चायनीज दुकानातली मुळी आहे. काढा करून घेतो."

"अजून घेताय?"

"आज सकाळीही घेतला."

"रक्त पातळ करायची गोळी पाच दिवसांपूर्वी बंद केली, ती कशासाठी?"

"गोळी केली की बंद. काढा बंद करा असं कोण म्हणालं?"

"या मुळीनंही रक्त पातळ होऊ शकतं. आमच्या लॅबमध्ये तेच तर तपासतोय."

"तू म्हणालास, हृदयाला चांगली आहे."

"तुम्हाला कधी म्हणालो?"

"जेवताना फोनवर कुणाला तरी सांगत होतास."

"ते उंदरांवरच्या प्रयोगाचं होतं, बाबा. मला विचारायचं तरी."

"विचारलं की बिझी आहे म्हणतोस."

शुभानं मान वळवली नाही.

"मी नर्सला सांगतो."

"नको रे. माझं ऑपरेशन कॅन्सल करतील."

"करू देत. नाहीतर आत रक्त थांबायचं नाही."

"मग मीच सांगतो. तू फक्त शेजारी उभा राहा."

दोघं काउंटरकडे गेले. दहा मिनिटांनी परत आले.

"गेलं पुढच्या आठवड्यावर. तुझी सुट्टी वाया घालवली मी."

"घरी चला. आज फोन बंद ठेवतो. लॅबमध्ये काय चाललंय, ते पहिल्यापासून सांगतो."